कृपा आणि क्षमा: मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर नगर जिल्ह्यातलं, प्रोटेस्टंट मंडळीतलं, आणि सासर वसईचं, पक्कं कॅथलिक. त्यामुळे घरात दोन्हीकडचं चालतं आणि दोन्हीकडचे प्रश्न माझ्याकडेच येतात. संडे स्कूलला शिकवते तिथली पोरं विचारतात, ऑफिसातल्या हिंदू मैत्रिणी डबा खाताना विचारतात, गुड फ्रायडेची सुट्टी आली की तर हमखास. दरवेळी अर्धवट उत्तर देऊन मोकळं व्हायचा कंटाळा आला म्हणून इथे सगळं एकत्र लिहितेय. मी पाळक नाही की धर्मशास्त्राची पदवी घेतलेली नाही, पण हा विषय मला मनापासून महत्त्वाचा वाटतो आणि जे वाचलं, ऐकलं, जगले तेच सांगणार आहे.

कृपा म्हणजे काय, एकदम साध्या भाषेत सांगा ना?

आपण कमावलेलं नाही, आपला त्यावर हक्क नाही, तरी देवाने स्वतःहून दिलं, ती कृपा. येशूचा प्रेषित पौल ह्याने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या, रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात मजुराचंच उदाहरण दिलंय, काम करणाऱ्याला मजुरी मिळते ती कृपा नसते, ते त्याचं देणंच असतं. महिन्याच्या शेवटी पगार झाला तर आपण साहेबांच्या पाया पडत नाही ना, तसं. देवाचं प्रेम हा पगार नाही एवढं एक कळलं तरी पुष्कळ कळलं असं मी पोरांना सांगते.

नव्या कराराची, म्हणजे बायबलच्या येशूनंतरच्या भागाची, मूळ भाषा ग्रीक, त्यात कृपेला शब्द आहे खारिस. उपकारस्तुतीचा म्हणजे आभार मानण्याचा ग्रीक शब्दही ह्याच शब्दाच्या पोटातून आलाय, आणि कॅथलिक लोक मिस्सामध्ये, म्हणजे त्यांच्या उपासनेत, जो युखरिस्त म्हणतात तो पण तिथूनच. पौलाची पत्रं "तुम्हांला कृपा व शांती असो" अशीच सुरू होतात आणि अख्ख्या बायबलचं अगदी शेवटचं वचनसुद्धा कृपेचंच आहे.

मग दया आणि कृपा एकच झालं की?

जवळजवळचे शब्द आहेत पण एकच नाहीत. जी शिक्षा मिळायला हवी होती ती मिळाली नाही ही दया, आणि जे मिळायचं काही कारणच नव्हतं ते मिळालं ही कृपा. चोराला सोडून दिलं तर दया, सोडून देऊन वर घरात जेवायला बसवलं तर कृपा.

क्षमा म्हणजे झालं गेलं विसरून जाणं, बरोबर?

नाही. आणि इथे मला जरा सविस्तर सांगू द्या कारण माझ्या मते सगळी गडबड इथेच होते.

येशूने शिष्यांना शिकवलेली प्रभूची प्रार्थना आमच्याकडे लहान पोरालाही पाठ असते. मत्तयाच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार पुस्तकांपैकी एकात, त्या प्रार्थनेत ओळ आहे, "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड." लहानपणी मी ही ओळ नुसती घोकायची, प्रार्थनेत कर्जाचं काय काम हे डोक्यात यायचंच नाही. पुढे कळलं की येशू जी अरामी भाषा बोलायचा तिच्यात पाप आणि कर्ज ह्या दोन्हींना एकच शब्द होता, होबा. आणि क्षमा करणे ह्या अर्थी जे ग्रीक क्रियापद वापरलंय त्याचा मूळ अर्थ सोडून देणं, हातातून जाऊ देणं असा आहे. मार्काच्या शुभवर्तमानात शिष्य जाळी सोडून येशूच्या मागे गेले असं लिहिलंय ना, तिथेही तेच क्रियापद आहे.

आमच्या पप्पांचं गावात किराणा दुकान होतं. पप्पा गेल्यावर भाऊ आणि मी त्यांचं कपाट आवरायला बसलो तर उधारीची वही सापडली, लाल कापडी पुठ्ठ्याची, कडा तेलकट झालेल्या. कोणाकडून काय येणं राहिलंय ते बघावं म्हणून पानं उलटत होतो तर एका घराचं पान आलं, दुष्काळाच्या वर्षीचं, गोडेतेल अर्धा किलो, साखर, चहापत्ती, पोराच्या वह्या, परत गोडेतेल, असं पानभर, खाली बेरीज ४,३१७ रुपये. त्यावर ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एक तिरकी रेघ आणि रेघेच्या टोकाला पप्पांच्या अक्षरात एकच शब्द, सोडले. आईला दाखवलं तर ती म्हणाली, हो, त्या वर्षी होलसेलवाल्याचं बिल भागवायला माझ्या दोन बांगड्या मोडल्या होत्या. एवढंच बोलली आणि चहा टाकायला उठली.

आता बघा, पप्पांनी ते पान फाडलं नव्हतं. बेरीज खोडली नव्हती, किती देणं होतं ते स्वच्छ वाचता येत होतं. म्हणजे विसरले नव्हते. आणि दुसरं, ते पैसे हवेत विरले नाहीत, ते कोणीतरी भरलेच, आईच्या बांगड्यांनी भरले. क्षमा म्हणजे हे. देणं खरं होतं हे मान्य करायचं आणि त्याचा भार ज्याचं येणं होतं त्यानेच स्वतःच्या अंगावर घ्यायचा.

देव सर्वशक्तिमान आहे तर नुसतं "जा, माफ केलं" म्हणता येत नव्हतं का, क्रूस कशाला हवा होता?

हा प्रश्न चांगला आहे आणि प्रामाणिक आहे, त्यामुळे तो विचारणाऱ्यावर कोणी डोळे वटारले तर मला आवडत नाही. वर वहीचं सांगितलं त्यातच माझं उत्तर आहे. नुकसान झालंय तर ते कोणाच्या तरी वाट्याला येणारच, चूक करणाऱ्याच्या नाहीतर माफ करणाऱ्याच्या. ख्रिस्ती विश्वास असा की देवाने ते लांबून, वरून माफ केलं नाही, तो येशूमध्ये स्वतः खाली आला आणि तोटा स्वतः सोसला. कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौलाने जो शब्द वापरलाय तो तर चक्क हातचिठ्ठीचा आहे, कर्ज घेणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलेला कागद, आणि तो देवाने खोडला आणि वधस्तंभाला खिळला असं तो म्हणतो. सावकाराकडे अंगठा दिलेल्या घरात हे वाक्य वाचून दाखवा, समजावून सांगावं लागत नाही.

अर्थात क्रूसाचा अर्थ सगळ्यांनी एकसारखाच लावलाय असं नाही. अकराव्या शतकाच्या शेवटी अन्सेल्म ह्या धर्मपंडिताने देवाच्या मानाचं देणं फेडण्यावर भर दिला, त्याच्या नंतरच्या आबेलार्डने क्रूसावरचं प्रेम बघून माणसाचं मन पालटतं ह्यावर, आणि पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या पापाकडे गुन्ह्यापेक्षा आजार म्हणून जास्त बघतात, त्यांच्यासाठी ख्रिस्त म्हणजे वैद्य. मला ह्या सगळ्यात तथ्य वाटतं, फक्त कर्जाची भाषा माझ्या घरातली आहे म्हणून मला ती आधी कळते.

उधळ्या पुत्राची गोष्ट सगळे सांगतात, त्यात एवढं काय आहे?

लूक, अध्याय १५. महाराष्ट्रातल्या माणसाला ही गोष्ट युरोपातल्या माणसापेक्षा जास्त कळायला हवी असं माझं ठाम मत आहे, कारण बाप जिवंत असताना वाटणी मागणं म्हणजे काय ते आपल्याला माहितीय. धाकटा येऊन म्हणतो, माझा हिस्सा द्या. म्हणजे तुम्ही मेल्यावर जे मिळायचं ते आत्ताच द्या, तुमच्या मरणाची वाट बघायला मला वेळ नाही. बाप भांडत नाही, देतो. पोरगा परदेशात जाऊन सगळं उडवतो, दुष्काळ पडतो, डुकरं राखायची पाळी येते, यहुद्यांना डुक्कर अपवित्र, त्यामुळे यहुदी पोराला ह्यापेक्षा खाली जाणं शक्य नव्हतं, आणि मग तो घरी जायचं ठरवतो आणि बापापुढे म्हणायचं भाषण तयार करतो. भाषणात तीन गोष्टी आहेत, मी पाप केलंय, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही, आणि मला एका मजुरासारखं ठेवा.

आता गंमत बघा, नाही, गंमत नाही, मला इथे दरवेळी भरून येतं. तो लांब असतानाच बाप त्याला बघतो, म्हणजे बाप वाटेकडे डोळे लावून बसलेला होता, आणि तो धावतो. त्या काळी त्या समाजात घरातला वयस्कर माणूस, जमीनजुमलावाला, अंगरखा सावरत सगळ्यांदेखत धावत नसे. पोराला गळ्याशी धरतो, मुके घेतो. पोरगा भाषण सुरू करतो, पहिलं वाक्य होतं, दुसरं होतं, आणि तिसरं, मजुरासारखं ठेवा, ते बाहेरच पडत नाही. बाप मधेच नोकरांना ओरडतो, चांगला झगा आणा, बोटात अंगठी घाला, पायात जोडा घाला. घरचा मुलगा असल्याची खूण आहे ती. कष्ट करून हळूहळू फेडतो म्हणणाऱ्याला बाप ते वाक्य पूर्ण करूच देत नाही.

आणि लोक इथेच गोष्ट थांबवतात, पण ती इथे संपत नाही. थोरला शेतातून येतो, वाजंत्री ऐकतो आणि रुसून बाहेर उभा राहतो. एवढी वर्षं तुमची चाकरी केली, मला कधी एक करडू दिलं नाही. मी घरात थोरली आहे, मला त्याचं सगळं पटतं. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो, त्याचीही समजूत काढतो. तो आत गेला का? येशूने सांगितलंच नाही, गोष्ट तिथेच सोडलीय, कारण समोर बसलेले परुशी आणि शास्त्री, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारे आणि शिकवणारे यहुदी, हेच थोरले भाऊ होते.

म्हणजे हवं ते करा, रविवारी माफी मागा, सोमवारपासून परत चालू?

हा टोमणा मी शंभर वेळा ऐकलाय आणि खरं सांगायचं तर तो आमच्यातल्या काही लोकांमुळेच ऐकावा लागतो. पौलालाही विचारला गेला होता, रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाची सुरुवातच ती आहे, कृपा वाढावी म्हणून आपण पाप करत राहावं काय, तर मुळीच नाही.

डीट्रिख बॉन्होफर नावाचा जर्मन पाळक होता, हिटलरच्या विरोधात उभा राहिला, ९ एप्रिल १९४५ ला त्याला फाशी दिलं, युद्ध संपायला महिनासुद्धा उरला नव्हता. त्याने १९३७ मध्येच लिहून ठेवलं होतं की पश्चात्तापाशिवाय क्षमा वाटत सुटणं ही स्वस्त कृपा आहे आणि तीच मंडळीची वैरीण आहे. कृपा फुकट आहे पण स्वस्त नाही. मला ही ओळ पटते, बांगड्या मोडून सोडलेली उधारी ज्याला कळली तो दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात येऊन निर्लज्जपणे डबा पुढे करणार नाही.

जक्कयाचं बघा. यरीहोचा मुख्य जकातदार, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला. येशू त्याच्या घरी आधी गेला, तो सुधारण्याची अट न घालता. आणि मग जक्कय उठून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्यांचं लुबाडलं त्यांचं चौपट परत करतो. क्रम लक्षात घ्या. आधी चौपट दिलं म्हणून येशू आला असं झालं नाही, येशू आला म्हणून चौपट दिलं.

पण सगळ्यांचं इतकं झटकन होत नाही हेही सांगायला हवं. अमेझिंग ग्रेस हे गीत लिहिणारा जॉन न्यूटन. १७४८ मध्ये समुद्रात वादळात सापडला, देवाचा धावा केला, वाचला, आणि त्यानंतरही तो गुलामांची जहाजं चालवत राहिला, अगदी १७५४ पर्यंत. पुढे पाळक झाला, ते गीत १७७३ च्या नववर्षाच्या दिवशी त्याच्या मंडळीसमोर आलं, आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याने जाहीरपणे पत्रक काढलं १७८८ मध्ये. म्हणजे वादळानंतर चाळीस वर्षं! मला आधी ह्याचा राग यायचा. आता वाटतं, कृपा माणसात काम करते पण माणूस फार चिवट असतो. मरायच्या आधी, १८०७ मध्ये, ब्रिटनने तो व्यापार बंद केलेला त्याने बघितला.

आपल्याकडे कर्मसिद्धांत आहे, पेराल ते उगवेल. कृपा त्याच्या विरोधात नाही का?

पेरलं तसं उगवतं हे बायबलमध्येही आहे, गलतीकरांस पत्रात. दारू पिऊन लिव्हर खराब केलं तर क्षमा मिळाल्याने लिव्हर नवीन होत नाही. पण देवाशी असलेलं नातं आपल्या कर्माच्या हिशेबावर ठरत नाही, ते त्याच्या देण्यावर ठरतं, असं ख्रिस्ती माणूस म्हणतो.

आणि कृपा हा शब्द काही मिशनऱ्यांनी मराठीत आणलेला नाही, तो आधीपासून आपल्या संतांच्या तोंडी होता. मी पतित, तू पावन, ही भाषा वारकऱ्याला शिकवावी लागत नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला पण तुकोबांना कधी सोडलं नाही, तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असंच ते मानायचे. त्याच्याही खूप आधी फादर स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइटाने गोव्यात बसून मराठी ओव्यांमध्ये ख्रिस्ताची कथा रचली, १६१६ मध्ये ती छापली गेली. फरक काय विचाराल तर ख्रिस्ती कृपा एका माणसाला आणि एका घटनेला बांधलेली आहे, रोमी सुभेदार पिलाताच्या काळात यरुशलेमच्या वेशीबाहेर घडलेल्या. सगळं सारखंच आहे असं म्हणून मी तो फरक पुसणार नाही, आणि तुमच्याकडे काहीच नाही असंही म्हणणार नाही.

कॅथलिक आणि प्रोटेस्टंट ह्यावरूनच वेगळे झाले ना?

मोठं कारण हेच. ३१ ऑक्टोबर १५१७ ला मार्टिन लूथरने ९५ मुद्दे मांडले, त्याचा मुख्य रोख होता पैसे घेऊन दिल्या जाणाऱ्या दंडमाफीच्या पत्रांवर. त्याला पौलात सापडलं होतं की माणूस नीतिमान ठरतो तो विश्वासाने, कृपेने, कमाईने नाही. कॅथलिक चर्चने १५४७ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत आपली बाजू मांडली, सुरुवात कृपेनेच होते पण माणूस तिला साथ देतो आणि आतून बदलत जातो. मग चारशे-साडेचारशे वर्षं एकमेकांवर शिक्के मारणं चाललं. आणि बरोबर ३१ ऑक्टोबरलाच, १९९९ साली, जर्मनीत ऑग्सबर्गला लुथरन, म्हणजे लूथरच्या परंपरेतले प्रोटेस्टंट, आणि कॅथलिक दोघांनी एका घोषणापत्रावर सह्या केल्या की आपल्या कोणत्याही पात्रतेमुळे नव्हे तर केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो ह्यावर आमचं एकमत आहे. २००६ मध्ये मेथडिस्ट हा आणखी एक प्रोटेस्टंट पंथही त्यात आला. सगळे वाद मिटलेत असं नाही. पण आमच्या लग्नात दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी जे वाद घातले त्यातले निम्मे तरी ह्या कागदाने आधीच मिटवलेले होते, फक्त कोणी वाचला नव्हता.

फादरसमोर जाऊन पापं का सांगायची, देवाला डायरेक्ट सांगता येत नाही का?

येतं. आमच्या माहेरी तेच करतात, उपासनेत सगळी मंडळी मिळून पापकबुलीची प्रार्थना म्हणते आणि पाळक क्षमेचं वचन वाचतात. कॅथलिक चर्च योहान २० मधल्या येशूच्या शब्दांवर उभं आहे, ज्या कोणाच्या पापांची तुम्ही क्षमा करता त्यांची क्षमा झाली आहे. १२१५ च्या लॅटरन परिषदेपासून वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करायचा नियम आहे. क्षमा देव करतो, फादर त्याच्या वतीने बोलतो, आणि ऐकलेलं कुठेही, कोणाहीपुढे सांगायची त्याला बंदी असते.

लग्नानंतर मला हे विचित्र वाटायचं. मग एकदा सासूबाईंबरोबर पवित्र आठवड्याच्या आधी गेले, मी नुसती मागच्या बाकावर बसले होते. सासूबाई आत गेल्या आणि पाच मिनिटांनी बाहेर आल्या, डोक्यावरचा पदर नीट केला, बाकावर गुडघे टेकले, आणि त्यांचे खांदे खाली आलेले मला पाठीमागून दिसले. रोज बघते मी त्यांना, ते खांदे नेहमी वर चढलेले असतात. दुसऱ्या माणसाच्या तोंडून, आवाजात, तुला क्षमा झालीय हे कानाने ऐकणं ह्यात काहीतरी आहे, हे मी तेव्हापासून मानते.

क्षमा करायची म्हणजे पोलीस कम्प्लेंट करायची नाही का?

करायची. नवरा मारतो, घरात कोणी पोरीला हात लावतो, आणि वर कोणी म्हणतं की तू ख्रिस्ती आहेस तर क्षमा कर आणि गप्प बस, तर तो माणूस बायबल सांगत नाहीये, गुन्हा झाकतोय. इतकं स्पष्ट लिहितेय कारण मी असल्या घरात बसून बायकांचे हात हातात घेतलेत. आधी सुरक्षित जागी जा, डॉक्टरकडे जा, पोलिसात जा. क्षमा नंतरची गोष्ट, आणि ती तुझी आणि देवाची, दुसऱ्या कोणी त्याची घाई करायची नाही. आणि क्षमा केली म्हणजे परत त्याच घरात राहायला गेलं पाहिजे असंही नाही, कारण नातं परत जुळायला दोघं लागतात, क्षमेला एकटा पुरतो.

ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, फिलिप १० वर्षांचा, टिमोथी ६ वर्षांचा, जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला गाडीत झोपलेले असताना जाळून मारले गेले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्सनी जाहीर सांगितलं, मी क्षमा केलीय, माझ्या मनात कडवटपणा नाही. पण खटला चालला, शिक्षा झाली, आणि त्यांनी कधी म्हटलं नाही की कायद्याने आपलं काम करू नये. त्या बारीपदाला राहून कुष्ठरोग्यांचं काम करत राहिल्या, २००५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

दुसरी गोष्ट सिस्टर राणी मारियाची. मध्य प्रदेशात उदयनगरला आदिवासींना सावकारांच्या तावडीतून सोडवायचं काम करायच्या, परत कर्जच बघा, आणि २५ फेब्रुवारी १९९५ ला बसमधून ओढून त्यांचा खून झाला. त्यांच्या सख्ख्या धाकट्या बहिणीने, तीही सिस्टरच, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी प्रयत्न केले आणि २००६ मध्ये तो सुटला. ह्या बहिणीइतकी क्षमा प्रत्येकाला जमलीच पाहिजे असं सांगायला मी हे लिहीत नाहीये. असं घडलंय, आपल्याच देशात घडलंय, एवढंच.

मला क्षमा करावीशी वाटतच नाही, मग?

येशूचा शिष्य पेत्र ह्याने विचारलं होतं, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? येशू म्हणाला, साताच्या सत्तर वेळा. आणि लगेच एका चाकराची गोष्ट सांगितली ज्याचं १०,००० तालांतांचं कर्ज राजाने सोडलं आणि त्याने बाहेर जाऊन १०० दिनारांसाठी दुसऱ्याचा गळा धरला. एक दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, एक तालांत म्हणजे साधारण ६,००० दिनार. म्हणजे त्याचं कर्ज ६ कोटी दिवसांच्या मजुरीचं, वर्षाला ३०० दिवस काम धरलं तर २ लाख वर्षांचं. पण १०० दिनारही काही थोडे नव्हते, चार महिन्यांची मजुरी आहे ती. येशू असं म्हणत नाही की तुझं नुकसान किरकोळ आहे.

आमच्याकडे जमिनीवरून झालं. चुलतभावाने पप्पांच्या पश्चात वीस गुंठे आपल्या नावावर करून घेतले आणि आई त्या धक्क्यातून सावरली नाही. मला त्याचं नाव घेतलं तरी छातीत दुखायचं. आमच्या पाळकांनी एवढंच सांगितलं, वाटत नसेल तर नको वाटू दे, फक्त रोज प्रार्थनेत त्याचं नाव घे. चार वर्षं घेतलं, दात ओठ खाऊन घेतलं. मग एका मातीला दोघं समोरासमोर आलो, त्याने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि मी घेतला, आणि पाणी पिताना लक्षात आलं की दुखत नाहीये. जमिनीची केस अजून कोर्टात चालू आहे, मी वकिलाची फी भरते, आणि मी त्याला क्षमा केलीय. दोन्ही खरं आहे.

माझं पाप फार मोठं आहे, त्याला क्षमा असेल?

पवित्र आत्म्याविरुद्धचं दुर्भाषण, ज्याला क्षमा नाही, ते वाचून अनेक जण घाबरतात. देवाचं काम डोळ्यांसमोर दिसत असताना त्यालाच सैतानाचं काम म्हणणाऱ्यांना येशू ते बोलला होता. ज्याला आपल्या पापाची भीती वाटतेय तो त्या जागी उभाच नाही, असं बहुतेक सगळे शिक्षक सांगतात.

पेत्राने तीनदा येशूला नाकारलं ते कोळशाच्या शेकोटीजवळ. पुनरुत्थानानंतर तिबिर्या सरोवराच्या किनाऱ्यावर येशूने त्याच्यासाठी नाश्ता केला तोही कोळशाच्या विस्तवावर, आणि नव्या करारात हा शब्द ह्या दोनच ठिकाणी येतो. तोच वास, तोच धूर, आणि तीनदा एकच प्रश्न, माझ्यावर प्रीती करतोस काय. जखम जिथे झाली तिथेच नेऊन मलमपट्टी केली.

आणि पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये असताना त्यांना सिस्टर्सनी लंडनमधल्या फुलहॅमला नेलं, समाजाने पतित म्हणून टाकलेल्या बायकांसाठी तिथे काम चालायचं. त्यांच्याशी कोणी इतक्या मायेने वागतं हे रमाबाईंनी पहिल्यांदा बघितलं आणि कारण विचारलं, तर एका सिस्टरने त्यांना योहान ४ मधली शोमरोनी स्त्री वाचून दाखवली, पाच नवरे झालेली, भर दुपारी एकटी विहिरीवर आलेली, आणि येशूने तिच्याकडे पाणी मागितलेलं. पुढे केडगावला, मुक्ती ह्या आपल्या आश्रमात, त्यांनी अशा बायकांसाठी वेगळं घर उभं केलं आणि नाव ठेवलं कृपासदन.

शेवटच्या घटकेला पश्चात्ताप केला तर चालतं? हे बाकीच्यांवर अन्याय नाही का?

चालतं, शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला येशूने "तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील" म्हटलं. आणि अन्याय वाटतो हे येशूलाही माहीत होतं, म्हणूनच मत्तय २० मध्ये संध्याकाळी पाचला कामावर आलेल्यालाही पूर्ण दिवसाचा एक दिनार मिळतो आणि सकाळपासून राबलेले कुरकुरतात. नाक्यावर दिवसभर काम मिळायची वाट बघत उभं राहणं सुखाचं असतं असं ज्याला वाटतं त्याने एकदा उभं राहून बघावं.

वाचायला कुठून सुरुवात करू?

लूक १५ आणि स्तोत्र ५१. आणि मग फिलेमोनाला पत्र, एकच पान आहे, दहा मिनिटात होतं, तरी कोणी वाचत नाही. अनेसिम नावाचा गुलाम मालकापासून दूर गेलेला, बहुतेक पळून, तो पौलाला तुरुंगात भेटतो, ख्रिस्ती होतो, आणि पौल त्याला परत पाठवताना मालकाला, फिलेमोनाला, चिठ्ठी लिहितो की ह्याला दास म्हणून नको, प्रिय बंधू म्हणून घे. आणि ह्याने तुझं काही नुकसान केलं असेल, काही देणं लागत असेल, तर ते माझ्या नावावर मांड. पुढचं वाक्य पौल मुद्दाम स्वतःच्या हाताने लिहितो, मी पौल हे लिहून देतो, मी फेडीन. लिहिणारा तेव्हा स्वतः बेड्यांत होता. फिलेमोनाने ते कोणाच्या खात्यावर मांडलं, की वही उघडून तिरकी रेघ मारली, ते बायबलमध्ये नाही.